पाचवा टीम फाऊल, पण दिला थ्रो-इन. मग बेंचवरून पोरगी बोलावून फ्री थ्रो. नियम नेमका काय?

धंतोलीचा_काका
मंडळी, बास्केटबॉल कळणाऱ्यांनी जरा उजेड पाडा. मी मूळचा क्रिकेट-कबड्डीवाला. भाची शाळेच्या टीममधून खेळते, म्हणून हल्ली कोर्टाच्या कडेला बसणं सुरू झालंय. नागपुरातलीच आंतरशालेय स्पर्धा होती. नाव मुद्दाम देत नाही, भांडण उकरायचं नाहीये.

तिसरा क्वार्टर. आमची लाल टीम, समोर निळी. निळ्यांची ७ नंबरची मुलगी ड्रिबल करत होती, आमच्या पोरीनं तिला धक्का दिला, शिट्टी झाली. रेफ्रीनं निळ्यांना साइडलाइनवरून थ्रो-इन दिला. त्यांनी दोन पास केले, शॉट मारला, चुकला, रिबाऊंड आमचा. आमची गार्ड बॉल घेऊन सुटली आणि निळ्यांच्या हाताला लागून बॉल बाहेर गेला. म्हणजे बॉल आमचाच. तेवढ्यात निळ्यांनी ७ नंबरला बसवून दुसरी मुलगी आत पाठवली. आमची पोरगी लाइनबाहेर उभी, रेफ्री तिच्या हातात बॉल देणार, आणि स्कोअररच्या टेबलवरून हूटर वाजला.

दोन्ही रेफ्री टेबलकडे गेले, खुसुरफुसुर झाली. तो मघाचा धक्का म्हणे आमचा त्या क्वार्टरमधला पाचवा टीम फाऊल होता, त्यावर दोन फ्री थ्रो (लाइनवरून, कुणी न अडवता टाकायचे शॉट) द्यायला हवे होते. बरं, इथवर कळलं. पण मग ७ नंबरला बेंचवरून उठवून आणलं, लेनवर (बास्केटसमोरच्या पट्ट्याच्या कडेला) कुणालाच उभं केलं नाही, तिनं दोन्ही फ्री थ्रो टाकले, दोन्ही बास्केटमध्ये गेले, आणि बॉल परत आम्हाला, जिथून बाहेर गेला होता तिथूनच. आम्ही एका पॉइंटनं हरलो. आमच्या बाजूचे पालक ओरडत होते की गेलेला खेळ मागे कसा आणता. निळ्यांचे पालक ओरडत होते की फ्री थ्रोनंतर बॉल आम्हालाच द्या. रेफ्री बिचारे दोन्हीकडून शिव्या खात होते. आता सांगा, बरोबर कोण?

तर्री_जास्त
काका, एका पॉइंटनं हरले म्हणून धागा निघाला. पंधरानं हरले असते तर पोहे खाऊन घरी गेले असते. 😀 पण मले बी समजून घ्यायचं आहे. लिहा राजेहो, कोणी रेफ्री आहे का इथं?

शिट्टीवाला
आहे. जिल्हा पातळीवर बरीच वर्षं शिट्टी वाजवतोय. काका, तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल तर रेफ्रींनी एकेक पाऊल पुस्तकाबरहुकूम टाकलंय. ओरडणारे दोन्हीकडचे चुकीचे.

आपल्याकडे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळवतात. त्यात कलम ४४ आहे, सुधारता येणाऱ्या चुकांचं. रेफ्रीच्या हातून नियम नजरचुकीनं बाजूला राहिला, तर तो नंतर दुरुस्त करता येतो, पण फक्त चार बाबतींत. हक्क नसताना फ्री थ्रो दिले, हक्क असताना दिले नाहीत, पॉइंट चुकून दिले किंवा चुकून रद्द केले, आणि फ्री थ्रो भलत्याच खेळाडूनं टाकले. एवढंच. तुमची केस यातली दुसरी.

रेफ्रीच्या नजरेतल्या चुका यात मोडत नाहीत. धक्का होता की नाही, ट्रॅव्हलिंग झालं की नाही, बॉल शेवटी कुणाच्या बोटाला लागला, हे सगळं त्या क्षणी जे दिसलं त्यावर ठरतं आणि तिथंच संपतं. पालक नेमके यावरच सगळ्यात जास्त भांडतात, आणि नेमकं हेच मागे जाऊन बदलता येत नाही.

आता वेळेची मर्यादा. इथं चांगले चांगले कोच गडबडतात. चूक झाली, मग गेम क्लॉक सुरू झालं, मग पहिल्यांदा बॉल डेड झाला (खेळ थांबला), आणि तो बॉल पुन्हा लाइव्ह (खेळात) व्हायच्या आत चूक लक्षात आली पाहिजे. रेफ्रीच्या, कमिशनर (सामन्याचा निरीक्षक) असेल तर त्याच्या, किंवा टेबलवरच्या कुणाच्याही. तुमच्या सामन्यात निळ्यांचा थ्रो-इन आत आला, क्लॉक सुरू झालं, पुढे बॉल बाहेर गेला. हा पहिला डेड बॉल. तुमची पोरगी थ्रो-इनसाठी उभी होती पण बॉल तिच्या ताब्यात यायचा होता. म्हणजे मुदत संपायला क्षणभर बाकी होता आणि हूटर वाजला.

धंतोलीचा_काका
म्हणजे रेफ्रीनं एक सेकंद आधी तिच्या हातात बॉल ठेवला असता, तर?

शिट्टीवाला
तर विषय बंद. थ्रो-इनचा बॉल खेळाडूच्या ताब्यात दिला की तो लाइव्ह. मग पाचवा फाऊल होता हे अख्ख्या टेबलला कळलं असतं तरी निळ्यांना ते दोन फ्री थ्रो मिळाले नसते.

तर्री_जास्त
हे तं लईच झालं बाप्पा. एका सेकंदावर मॅच.

शिट्टीवाला
कुठं तरी रेघ मारावीच लागते ना भाऊ. नाही तर चौथ्या क्वार्टरच्या शेवटी कुणी तरी उठून म्हणेल, पहिल्या क्वार्टरमधला तो फाऊल बघा. तोवर दोन्ही टीमनी त्या स्कोअरवर आपला खेळ बेतलेला असतो, टाइम-आऊट खर्चलेले असतात, खेळाडू बदललेले असतात.

काकांचे बाकीचे मुद्दे घेतो. चूक झाल्यापासून ती सापडेपर्यंत मध्ये जे झालं ते सगळं कायम राहतं: झालेले पॉइंट, फाऊल, गेलेला वेळ. घड्याळ मागे फिरवत नाहीत. म्हणजे तुमच्या गार्डनं पळत जाऊन लेअप टाकला असता तर ते दोन पॉइंट तुमचेच राहिले असते, आणि बास्केट झाल्यावरही बॉल डेड होतो, म्हणून चूक तेव्हा पकडली असती तर निळ्यांना फ्री थ्रोही मिळाले असते.

७ नंबरला बेंचवरून उठवलं तेही बरोबर. दुरुस्तीत जिचा संबंध आहे ती मुलगी रीतसर बदली होऊन बसली असेल, तर तिनं परत कोर्टवर यायचं. फ्री थ्रो टाकून झाल्यावर ती आतच राहू शकते, बसायचं असेल तर पुन्हा रीतसर बदली मागायची.

लेन रिकामी का? कारण मधल्या वेळात बॉलचा ताबा बदलला होता. निळ्यांकडून रिबाऊंडवर तुमच्याकडे आला. अशा वेळी फ्री थ्रो फक्त हिशेब पुरा करायला टाकतात आणि खेळ जिथं थांबवला तिथून, त्याच टीमच्या ताब्यातून सुरू होतो. ताबा बदललाच नसता, म्हणजे निळ्यांकडेच बॉल असताना चूक सापडली असती, तर नेहमीच्या फ्री थ्रोसारखं सगळे लेनवर उभे राहिले असते आणि शेवटचा चुकला असता तर रिबाऊंडची झुंज झाली असती.

धंतोलीचा_काका
सर, पटतंय, पण पचत नाहीये. निळ्यांना त्या एका फाऊलवर अटॅक पण मिळाला आणि वरून दोन फ्री थ्रो पण. हा डबल फायदा नाही का?

क्रमांक_११
मी कॉलेजकडून खेळते. काका, याचाच दुसरा भाग ऐका. त्या थ्रो-इनवर निळ्यांनी बास्केट केलं असतं तर फ्री थ्रो मिळालेच नसते. चुकून मिळालेल्या थ्रो-इननंतर त्याच टीमनं स्कोअर केला की चूक सोडून देतात. आमच्या सरांनी हे आम्हाला मागच्या कॅम्पमध्ये समजावलं होतं, मे महिन्यात सकाळी सहाला, अर्धी टीम झोपेत.

शिट्टीवाला
अगदी बरोबर. शॉट चुकला म्हणून त्यांना फ्री थ्रो मिळाले. आणि काका, डबल फायदा म्हणता तो काही अंशी खरा आहे, मी नाकारत नाही. त्यांनी एक पझेशन वापरलं, ते हुकलं, तरी दोन फ्री थ्रो आले. पण नियमानं ते फ्री थ्रो त्यांचे होतेच, आणि नंतर बॉल तुम्हाला मिळाला, जो फ्री थ्रो गेल्यावर तसाही तुम्हालाच मिळणार होता. तोटा मोजायला बसलात तर फार काही निघणार नाही.

टेबलवरचा
मी स्कोअरशीट लिहितो. शिवाजीनगर जिमखान्यावर खेळायचो, गुडघा गेल्यावर टेबलवर आलो. इथे सगळे रेफ्रीवर बोलून राहिले, पण अशी चूक बहुतेक वेळा आमच्या बाजूनं सुरू होते. टीम फाऊल मोजणं वरवर सोपं दिसतं. आता बघा. चार्जिंग झालं, म्हणजे बॉल असलेल्या टीमनंच फाऊल केला, तर फ्री थ्रो कधीच नसतो, पाचव्या-सहाव्यालाही नाही. फ्री थ्रो नाही म्हणून नवखा स्कोअरर तो टीम फाऊलच्या चौकोनात मारायचाच विसरतो. पण तो टीम फाऊलमध्ये धरायचा असतो. उलट कोचला किंवा बेंचला टेक्निकल (वागणुकीबद्दलचा) फाऊल लागला तर तो टीम फाऊलमध्ये धरायचा नसतो, आणि हा हमखास धरला जातो. क्वार्टरच्या मधल्या सुट्टीत खेळाडूकडून फाऊल झाला तर तो पुढच्या क्वार्टरच्या खात्यात. ओव्हरटाइममधले सगळे चौथ्या क्वार्टरच्या खात्यात. एवढं डोक्यात ठेवून, उन्हात, मागून पालक कानात ओरडत असताना लिहायचं.

चौथा टीम फाऊल झाल्यावर बॉल लाइव्ह झाला की त्या टीमच्या बेंचच्या बाजूला टेबलवर लाल मार्कर ठेवायचा असतो. तो ठेवला असेल तर रेफ्रीला फाऊलनंतर मान वळवली की कळतं, आता फ्री थ्रो. शाळेच्या सामन्यांत तो मार्करच नसतो बरेचदा. मग एखादी लाल टोपी ठेवा, पण ठेवा काही तरी.

आणखी एक. चूक दिसली की लगेच हूटर दाबायचा नसतो. पहिला डेड बॉल होईपर्यंत थांबायचं. काकांच्या सामन्यात टेबलवाल्यांना कदाचित लाल टीम पळत असतानाच कळलं असेल, पण तेव्हा हूटर दिला असता तर तुमचा फास्ट ब्रेक मेला असता आणि तुम्ही दुप्पट ओरडला असता. रेफ्री स्वतः लगेच खेळ थांबवू शकतो, पण कुठल्याही टीमचं नुकसान होत नसेल तरच.

तर्री_जास्त
मंग समजा उलटं झालं तर? फाऊल चौथाच होता, पण पाचवा समजून दोन फ्री थ्रो देऊन टाकले, अन् दोन्ही गेले. आता?

शिट्टीवाला
याच्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. फ्री थ्रो रद्द, पॉइंट पुसले. पुढचं घड्याळावर आहे. क्लॉक सुरू व्हायच्या आत लक्षात आलं, तर ज्यांचे फ्री थ्रो रद्द झाले त्यांनाच फ्री थ्रो लाइनच्या रेषेत साइडलाइनवरून थ्रो-इन. क्लॉक सुरू झाल्यावर लक्षात आलं, तर तेव्हा बॉल कुणाकडे आहे ते बघायचं. चूक झाली तेव्हा ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच असेल, किंवा कुणाच्याच ताब्यात नसेल, तर पहिल्या टीमला थ्रो-इन. समोरच्यांकडे गेला असेल तर जम्प बॉल सिच्युएशन, म्हणजे टेबलवरचा पझेशन ॲरो जिकडे असेल त्यांचा बॉल. दोन्ही फ्री थ्रो गेल्यावर समोरच्यांनी बेसलाइनवरून बॉल आत टाकला आणि मग सापडलं, असं झालं की ॲरोवर जातं. प्रेक्षकांना वाटतं रेफ्री नाणेफेक करून राहिला.

तर्री_जास्त
आमच्या कॉलेजात तं फाऊल कोणावर बी होवो, फ्री थ्रोले चांगल्या शूटरलेच पाठवत. रेफ्रीचं लक्ष नसलं की झालं. 😀

शिट्टीवाला
पकडलं की महागात पडतं बरं. भलत्या खेळाडूनं फ्री थ्रो टाकले आणि मुदतीत लक्षात आलं, तर ते फ्री थ्रो रद्द, आणि बॉल थेट समोरच्या टीमला, फ्री थ्रो लाइनच्या रेषेतून थ्रो-इन. योग्य खेळाडूला परत संधी मिळत नाही. मात्र पहिल्या फ्री थ्रोचा बॉल त्याच्या हातातून सुटायच्या आत रेफ्रीनं ओळखलं, तर नुसता खेळाडू बदलायचा, शिक्षा काही नाही. म्हणून फाऊल झाल्यावर चांगला रेफ्री टेबलला नंबर दाखवून वळतो तेव्हा लाइनवर कोण उभं आहे ते पुन्हा एकदा बघतो.

ओहायोतला_नागपूरकर
इथे एक भर घालतो, कारण यूट्यूब पाहून लोक मिसळ करतात. माझा मुलगा इथल्या हायस्कूलमध्ये खेळतो. इथल्या शालेय नियमपुस्तकात अशा चुका पाच आहेत. पाचवी म्हणजे चुकीच्या बास्केटवर फ्री थ्रो टाकू देणं. आणि भलत्या खेळाडूनं टाकले तर इथे ते रद्द करून योग्य खेळाडूला टाकायला देतात, समोरच्यांना बॉल देत नाहीत. जुन्या व्हिडिओत तर एक गेला तरच दुसरा, असा फ्री थ्रोचा प्रकार दिसेल. तो २०२३-२४ च्या हंगामापासून शालेय नियमांतून काढला. आता इथेही पाचव्या टीम फाऊलपासून क्वार्टरमागे दोन. त्यामुळे अमेरिकन क्लिप दाखवून नागपुरात रेफ्रीशी वाद घालू नका, हरणार.

शिट्टीवाला
धन्यवाद भाऊ. हा व्हिडिओवाला वाद माझ्याशी घातला गेलाय. मोबाइल नाकासमोर धरून.

क्रमांक_११
स्कोअर चुकीचा लिहिला तर? आमच्या एका मॅचमध्ये रेफ्रीनं तीन बोटं दाखवली होती आणि बोर्डवर दोनच चढले. क्वार्टर संपल्यावर कळलं.

टेबलवरचा
ते वेगळ्या कप्प्यात. रेफ्रीनं निर्णय बरोबर दिला आणि टेबलनं लिहिताना चूक केली, तर ती स्कोअर, फाऊलची संख्या, टाइम-आऊट, घड्याळ कशातलीही असो, क्रू चीफनं (मुख्य रेफ्रीनं) स्कोअरशीटवर सही करेपर्यंत कधीही दुरुस्त होते. पहिल्या डेड बॉलची अट तिथे नाही. म्हणून तर शेवटी सही करायच्या आधी बेरीज दोनदा तपासतो. तीन पॉइंटच्या बास्केटला खेळाडूच्या नंबरभोवती गोल करतात, शीटवर तो गोल नसेल तर आधी तिथेच शंका घ्या. एकदा सही झाली की आमच्या हातात काही नाही, आयोजकांकडे रिपोर्ट जातो फक्त.

म्हणजे काकांच्या केसमध्ये दोन चुका एकात एक आहेत. फाऊलचा आकडा कमी लिहिला गेला ही टेबलची, ती केव्हाही सुधारता येते. त्यामुळे फ्री थ्रो राहिले ही कलम ४४ ची, तिला मुदत आहे. आकडा चौथ्या क्वार्टरमध्ये सापडला असता तर शीटवरचा फाऊल दुरुस्त झाला असता आणि फ्री थ्रो बुडालेच असते.

सीताबर्डी_एक्स्प्रेस
फाऊल मोजण्याच्या घोळावरून एनबीएचा किस्सा आठवला. १९ डिसेंबर २००७, अटलांटात हॉक्स विरुद्ध मायामी हीट. ओव्हरटाइममध्ये ५१.९ सेकंद बाकी असताना शकील ओनीलला सहावा फाऊल म्हणून बाहेर काढलं (तिथे सहाव्याला खेळाडू बाहेर जातो). खरं तर तो त्याचा पाचवा होता. आधीचा एक फाऊल उडॉनिस हॅसलेमचा होता, तो टेबलवर ओनीलच्या नावावर चढला होता. हॉक्स तेव्हा ११७-१११ जिंकले. हीटनं प्रोटेस्ट केला, लीगनं मान्य केला, हॉक्सना ५०,००० डॉलर दंड. आणि ते ५१.९ सेकंद ८ मार्च २००८ ला पुन्हा खेळवले! तोवर ओनीलची बदली फिनिक्सला झालेली. पुन्हा खेळवलेल्या वेळात एकही पॉइंट झाला नाही, ११४-१११ वर हॉक्सच जिंकले. त्याआधी एनबीएत प्रोटेस्ट मान्य झाला होता तो थेट १९८२ मध्ये.

तर्री_जास्त
एवढी मेहनत अन् एक पॉइंट नाही. गजब.

धंतोलीचा_काका
मग आम्ही पण प्रोटेस्ट करू शकलो असतो का?

शिट्टीवाला
करू शकला असता, मिळालं काही नसतं. फिबाच्या पद्धतीत सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत कॅप्टननं क्रू चीफला सांगून स्कोअरशीटवरच्या प्रोटेस्टच्या जागी सही करायची असते. स्कोअर किंवा घड्याळ लिहिण्यातली चूक झाली आणि रेफ्रींनी ती सुधारली नाही, असं काही असेल तर त्याला अर्थ. इथे चूक सुधारलीच आहे, आणि नियमानं. उलट हूटर उशिरा वाजून फ्री थ्रो राहिले असते तर निळ्यांकडेही फार काही उरलं नसतं.

कोच_ताई
मुलींची टीम घेते, म्हणून कोचच्या बाजूनं लिहिते. माझ्या बेंचवर असिस्टंटकडे एक साधी वही असते, त्यात दोन्ही टीमचे फाऊल क्वार्टरप्रमाणे. टेबलशी आकडा जुळवायचा असेल तर बॉल डेड आणि घड्याळ बंद असताना हेड कोच किंवा पहिला असिस्टंट टेबलकडे विचारू शकतात. बाकी कुणी जायचं नाही, पालकांनी तर नाहीच नाही. माझा अनुभव असा की शांतपणे विचारलं तर टेबलवाले शीट फिरवून दाखवतात. ओरडलात तर ते शीटवर हात ठेवतात.

आणि मुदत निसटून जाईल अशी शंका असेल तर सरळ टाइम-आऊट घ्या. टाइम-आऊट चालू असेपर्यंत बॉल लाइव्ह होत नाही, मुदत तेवढी लांबते. एक टाइम-आऊट गेला तर गेला, दोन फ्री थ्रो त्याहून मोठे. मुलींना मी हेही सांगते की थ्रो-इन घाईनं मागू नका, जर चूक आपल्या नुकसानीची असेल तर. आणि आपल्या फायद्याची असेल तर…

तर्री_जास्त
तर घाई करा! ताई, पूर्ण करा ना वाक्य. 😀

कोच_ताई
तर बेंचकडे बघू नका, एवढंच सांगते. 😀 शाळकरी मुलींना लबाडी शिकवायची नाही, पण समोरच्या कोचची वही भरून देणं हेही माझं काम नव्हे. यावर इथे कुणाचं दुमत असेल तर मान्य आहे.

टेबलवरचा
माझं दुमत आहे ताई. शालेय पातळीवर कोचनं स्वतः सांगावं, जिंकणं-हरणं त्या वयात तेवढं मोठं नाही. पण मी कोच नाही, पगार माझा जिंकण्यावर ठरत नाही, हेही खरं.

ओहायोतला_नागपूरकर
टेबलवरच्यांशी सहमत. आणि मोठ्या सामन्यांत आता रिप्ले असतो, कोचचा चॅलेंज असतो. आपल्या शाळांच्या कोर्टवर यातलं काहीच नाही, तिथे टेबलवरची दोन माणसं हाच रिप्ले. स्कोअरर आणि असिस्टंट स्कोअरर वेगळे बसवा आणि प्रत्येक फाऊलनंतर आकडा मोठ्यानं एकमेकांना सांगायला लावा, निम्मे घोळ तिथेच मिटतील.

धंतोलीचा_काका
सगळ्यांचे आभार. भाचीला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, “मामा, मला तेव्हाच माहीत होतं, तुम्हीच ओरडत होता.” असो. तिचाच एक प्रश्न विचारतो: ७ नंबरची मुलगी बदली होऊन बसली होती म्हणून परत आली. पण मधल्या वेळात तिचा स्वतःचा पाचवा फाऊल होऊन ती बाहेर गेली असती, किंवा पाय मुरगळून बाहेर नेली असती, तर फ्री थ्रो कुणी टाकायचे? कोचनं निवडायचं का?

शिट्टीवाला
भाचीला रेफ्रीच्या परीक्षेला बसवा. नाही, निवड कोचची नाही. पाच फाऊल, दुखापत किंवा डिसक्वालिफिकेशन यामुळे बाहेर गेली असेल तर तिच्या जागी जी उतरली तिनंच टाकायचे.